विजेरीचा दीप बदलताना

विजेरी ही वस्तू आता इतकी परिचयाची झाली आहे, की तिच्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. खिशातल्या मोबाइललाही एक लहानसा दिवा असतो आणि शहरात पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. परंतु ज्यांना अंधारात खरोखर काम करावे लागते, त्यांचे विजेरीवाचून चालत नाही. आमच्या बेळगाव-खानापूरकडील खेड्यांतून शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. उसाला पाणी पाजावयास बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या एका हातात खोरे व दुसऱ्या हातात विजेरी असते. घोणस आणि फुरसे यांचा वावर असलेल्या मुलखात ही विजेरी हौसेची वस्तू राहत नाही. पाऊल कोठे टाकावे हे सांगणारी ती सोबतीण होते.

अशी विजेरी तीन-चार वर्षांत मंद होते. नवे सेल घातले तरी तिला पूर्वीचे तेज येत नाही. दुकानदार म्हणतो, ‘दुरुस्तीला जेवढे लागेल, तेवढ्यात नवी येईल.’ मग ती माळ्यावर किंवा कचऱ्यात जाते. वास्तविक तिची नळी, काच, आरसा आणि बटण ही सर्व मंडळी बहुधा धडधाकट असतात. थकलेला असतो तो करंगळीच्या नखाहूनही लहान असा एक दीप, म्हणजेच ज्याला आपण सर्वजण ‘एलईडी’ म्हणतो तो. हा दीप बदलता येतो. इतकेच नव्हे, तर जुन्याहून चांगला दीप बसवून विजेरी पूर्वीपेक्षा सरस करता येते. मात्र ‘अधिक तेजस्वी दीप आणला आणि लावला’ एवढ्याने ते काम होत नाही. पुष्कळांनी तसे केले आणि आठवडाभरात नवा दीपही निकामी करून घेतला.

याचे कारण असे, की विजेरीचा प्रकाश एकट्या दीपाचा नसतो. सेल, प्रवाहावर लगाम ठेवणारा नियंत्रक, दीप, उष्णता बाहेर नेणारी वाट आणि किरणांना वळण देणारा आरसा अशा पाच कड्यांची ती साखळी आहे. एक कडी बदलली की उरलेल्या चार कड्यांना विचारावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही या कड्यांची ओळख करून देऊन मग दीप बदलण्याची रीत सांगणार आहोत.

थोडा पूर्वेतिहास

हातात धरून नेण्याजोगा विजेचा दिवा शक्य झाला तो कोरड्या घटामुळे. पूर्वीच्या घटांत पातळ द्रव असे; तो आडवा केला की सांडे. १८८६ मध्ये जर्मनीतील कार्ल गासनर यांनी कोरड्या घटाचे पेटंट घेतले आणि ही अडचण दूर झाली. पुढे १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल या संशोधकाला अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या वेळचे घट दुबळे होते आणि दिव्यातील कार्बनचा तंतू खादाड होता. त्यामुळे विजेरी सतत लावून ठेवता येत नसे. क्षणभर लावावयाची व लगेच विझवावयाची. इंग्रजी भाषेत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हे नाव पडले ते यामुळेच.

पुढे कार्बनच्या जागी टंगस्टनची तार आली आणि अनेक दशके तिचेच राज्य राहिले. आपल्या आजोबांच्या पितळी विजेरीत दोन सेल आणि अडीच व्होल्टचा, सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह घेणारा बल्ब असे. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. म्हणजे हा दिवा पाऊण वॅटचा झाला. त्या पाऊण वॅटचा फारच थोडा अंश प्रकाशरूपाने दिसे. बाकी सर्व डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णकिरणांत जाई. पण हा बल्ब स्वभावाने सोशीक होता. सेल उलटे घातले तरी तो लागे. सेल उतरले तर लालसर होऊन मिणमिणे, पण रुसत नसे. एलईडीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे.

एलईडी प्रकाश कसा देतो?

स्फटिकातून वीज गेली असता प्रकाश निघतो हे १९०७ मध्ये एच. जे. राउंड यांनी आणि पुढे १९२० नंतरच्या दशकात रशियातील ओलेग लोसेव यांनी नोंदवून ठेवले होते. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा उपयुक्त डायोड मात्र १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत तयार केला. लाल आणि हिरवा रंग साधला, पण निळा काही केल्या साधेना; आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश अशक्य होता. हे कोडे जपानमधील इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थाच्या साहाय्याने सोडविले. १९९० नंतरच्या दशकात तेजस्वी निळे डायोड बाजारात आले आणि २०१४ मध्ये या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या डायोडात दोन प्रकारच्या अर्धसंवाहक थरांची संधी असते. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांची उणीव, म्हणजे पोकळ्या असतात. योग्य दिशेने वीज दिली की इलेक्ट्रॉन संधीपाशी येऊन पोकळीत पडतात आणि पडताना आपली जादा ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने सोडतात. लाल प्रकाशकणाची ऊर्जा कमी, निळ्याची अधिक. म्हणूनच लाल डायोड सुमारे दोन व्होल्टवर लागतो, तर निळ्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. विजेरीतील पांढरा दीप हा वस्तुतः निळाच असतो. त्याच्यावर पिवळसर रंगाच्या फॉस्फर द्रव्याचा थर दिलेला असतो. काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, काही या थरात शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरा म्हणतो. विझलेला दीप नीट न्याहाळला तर हा पिवळा ठिपका स्पष्ट दिसतो.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात आणि त्या तिन्ही दीप बदलणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, डायोड एकाच दिशेने वीज जाऊ देतो. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर तो लागणार नाही. दुसरी, त्याला सुमारे तीन व्होल्टचा दाब मिळालाच पाहिजे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, त्या मर्यादेच्या पुढे दाब किंचित वाढला तरी प्रवाह भरमसाट वाढतो. तंतूच्या बल्बाला आपण व्होल्ट मोजून देत होतो. एलईडीला अँपिअर मोजून द्यावे लागतात.

प्रवाहाला लगाम

नव्या दोन कोरड्या सेलांचा दाब तीन व्होल्ट असतो. वापराबरोबर प्रत्येक सेल १.५ वरून १.२ व पुढे १ व्होल्टपर्यंत उतरतो. म्हणजे दोन सेलांच्या विजेरीत एलईडी नुसताच जोडला, तर तो पहिले काही तास बरा लागेल आणि सेलांत पुष्कळ शक्ती शिल्लक असतानाच मंद होईल. अशा विजेरीत दाब चढविणारे लहान मंडल घालावे लागते. त्याला बाजारात ‘ड्रायव्हर’ म्हणतात. उलट, सेल अधिक असतील तर दाब उतरविणारा किंवा प्रवाह रोखणारा ड्रायव्हर हवा.

सर्वांत साधा लगाम म्हणजे एक रोधक. इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्याला त्याचे गणित सहज करता येईल. समजा, तीन सेलांची विजेरी आहे. एकूण दाब ४.५ व्होल्ट. दीपाला ३ व्होल्ट हवेत. उरलेले १.५ व्होल्ट रोधकावर पडले पाहिजेत. प्रवाह ०.३ अँपिअर ठेवावयाचा असेल तर ओहमच्या नियमाने १.५ भागिले ०.३, म्हणजे ५ ओहमचा रोधक लागेल. दीपाला ०.९ वॅट मिळतील आणि रोधकात ०.४५ वॅट फुकट तापण्यात जातील. म्हणजे सेलांतील एकतृतीयांश शक्ती वाया. पुढे सेल १.२ व्होल्टवर उतरले की एकूण दाब ३.६ होतो, रोधकावर अवघे ०.६ व्होल्ट राहतात आणि प्रवाह सुमारे ०.१२ अँपिअरवर येतो. प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. साधेपणाचे हे मोल आहे. चांगला ड्रायव्हर हे नुकसान टाळतो आणि सेल उतरत असतानाही प्रवाह बराच काळ एकसारखा ठेवतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. विजेरी मंद झाली म्हणजे दीपच बिघडला असे समजू नये. नळीच्या आट्यांवर चढलेला काळा थर, गंजलेली स्प्रिंग, सैल बटण यांपैकी कशानेही अर्ध्या ओहमचा रोध सहज उत्पन्न होतो. विजेरी ०.७ अँपिअर घेत असेल तर एवढ्यात ०.३५ व्होल्ट खर्ची पडतात. तीन व्होल्टांपैकी हा दहावा हिस्सा आणि वर काही झाला. म्हणून प्रथम नवे सेल घालावेत, स्प्रिंग व आटे बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसावेत आणि मग निर्णय करावा. पुष्कळ विजेऱ्या एवढ्यानेच पुन्हा नीट होतात.

उष्णतेची वाट

आता आम्ही त्या कडीकडे वळतो, जिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ‘एलईडी थंड प्रकाश देतो’ असे म्हणण्याची रूढी पडली आहे. हे अर्धसत्य आहे. त्याच्या किरणांत उष्णता नसते हे खरे. पण त्याला दिलेल्या विजेपैकी निम्मा किंवा त्याहून अधिक भाग आजही उष्णतेतच जातो, आणि ती उष्णता किरणांबरोबर निघून न जाता दीपाच्या बुडाशी साचते. टंगस्टनच्या तारेला अडीच हजार अंशांवर तापणे हाच धर्म होता. डायोडाची संधी मात्र सुमारे १५० अंश सेल्सिअसपलीकडे सहसा टिकत नाही आणि त्याच्या कितीतरी अलीकडेच तिचे तेज व आयुष्य घटू लागते.

ही उष्णता बाहेर जाण्याची वाट अशी: संधीतून दीपाच्या बुडाकडे, तेथून ज्या धातूच्या चकतीवर दीप डाखलेला असतो तीत, चकतीतून विजेरीच्या अंगात, अंगातून हातात आणि हवेत. या वाटेवर कोठेही हवेची पोकळी राहिली की मार्ग तुंबला. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजारपट आहे. यावरून केसाएवढ्या फटीचेही महत्त्व ध्यानात यावे. चकती व अंग हे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतातच. ते भरून काढण्यासाठी उष्णतावाहक लेप लावतात. लेप पातळ असावा. खळगे भरण्यापुरताच, साठ्यापोटी नव्हे.

एक हिशेब पाहा. समजा, दीपातून २ वॅट उष्णता निघते आणि वाट चांगली असल्यामुळे दर वॅटला १० अंशांचा फरक पडतो. मग अंग ४५ अंशांवर असताना संधी ६५ अंशांवर राहील; काळजीचे कारण नाही. पण लेप लावला नाही, चकती एका बाजूला उचललेली राहिली आणि फरक दर वॅटला ४० अंशांचा झाला, तर तीच संधी १२५ अंशांवर जाईल. दीप तोच, सेल तेच, प्रकाशही पहिल्या मिनिटाला तोच. पण एकाचे आयुष्य वर्षांत मोजावे आणि दुसऱ्याचे आठवड्यांत.

यावरून एक खूण मिळते. पाच मिनिटे लावल्यावर विजेरीचे धातूचे अंग कोमट लागले, तर पुष्कळांना तो दोष वाटतो. वस्तुतः ते आरोग्याचे लक्षण आहे. उष्णता वाटेने बाहेर येत आहे. प्रकाश भरपूर आणि अंग मात्र थंडगार असे आढळले, तर उष्णता आतल्या आत कोंडते आहे असे समजावे. याच कारणामुळे प्लास्टिकच्या विजेरीत तीन किंवा पाच वॅटचा दीप बसविण्याचा मोह टाळावा. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही. तेथे मुळात होता तेवढ्याच वॅटचा, पण नव्या बनावटीचा दीप घालावा. त्याच विजेत अधिक प्रकाश मिळतो आणि उष्णता वाढत नाही.

आरसा आणि रंग

दीपाच्या भोवतीचा चकचकीत वाडगा अन्वस्ताकार असतो. अन्वस्ताचा गुण असा, की त्याच्या नाभीवरून निघालेले किरण आरशावर आपटून एकमेकांना समांतर होऊन बाहेर पडतात. म्हणून दीप नाभीवर नेमका बसला पाहिजे. अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला तरी झोताच्या मध्यभागी काळे वर्तुळ दिसते किंवा झोत फाकतो. जुन्या विजेरीत बल्ब काढून त्याच्याच बैठकीचा तयार एलईडी बल्ब लावणाऱ्यांची येथेच निराशा होते. तंतूचा बल्ब सर्व बाजूंना प्रकाश फेकत असे. त्यातील बराचसा आरशावर पडून झोत होई. एलईडी मुख्यतः समोर प्रकाश फेकतो. त्यातील पुष्कळसा आरशाला न शिवता थेट बाहेर पडून पसरतो. प्रकाश वाढतो, पण दूरवर पोचत नाही.

दीपाचा आकारही येथे बोलतो. प्रकाश देणारा ठिपका जेवढा लहान तेवढा झोत बारीक व लांब. ठिपका मोठा तर झोत रुंद व जवळचा. म्हणून ‘अधिक ल्यूमेन म्हणजे अधिक दूरवर दिसणे’ हा समज चुकीचा आहे. ल्यूमेन हे एकूण प्रकाशाचे माप आहे. दूरवर पोचण्याचे माप आहे एका दिशेतील तीव्रता, म्हणजे कँडेला. २००९ मध्ये अमेरिकेत विजेऱ्यांच्या मोजमापासाठी एक प्रमाण ठरविण्यात आले. त्याप्रमाणे झोताची लांबी म्हणजे जेथे प्रकाश पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. या रीतीने २,५०० कँडेलांची विजेरी १०० मीटर पोचते. २०० मीटर हवे असल्यास ५,००० पुरत नाहीत, १०,००० लागतात. अंतर दुप्पट करावयाचे तर तीव्रता चौपट करावी लागते, हा वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम पाठ्यपुस्तकातच नव्हे, शेताच्या बांधावरही खरा आहे. याच प्रमाणानुसार वेष्टनावरील ल्यूमेनचा आकडा विजेरी लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने किंवा त्यापुढे मोजावा लागतो; कारण उष्णता चढली की तेज उतरते आणि पहिल्या क्षणाचा आकडा फसवा असतो.

राहिला रंग. बाजारात सर्वांत अधिक मिळतो तो ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा दीप. त्याचा प्रकाश मोजमापात अधिक भरतो. पण त्यात तांबड्या रंगाचा अंश थोडा असतो. तपकिरी, तांबूस, मातकट या छटा त्याच्या उजेडात एकमेकींत मिसळून जातात. ४,००० ते ५,००० केल्विनचा आणि रंग यथातथ्य दाखविण्याचा निर्देशांक ९० किंवा अधिक असलेला दीप घेतला, तर ल्यूमेन थोडे कमी भरतात, पण वाळलेल्या पाल्याचा तपकिरी रंग आणि त्यावर वेटोळे घालून पडलेल्या घोणसीच्या अंगावरील ठिपके यांतील भेद डोळ्याला लवकर कळतो. ज्याला पायवाटेने चालावयाचे आहे, त्याने दोनशे मीटरच्या झोतापेक्षा पाच मीटरचा रुंद व सच्चा उजेड पसंत करावा, असे आमचे मत आहे.

दीप बदलण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृती. हे काम विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या किंवा विज्ञानशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. कारण डाखणीचे टोक तीनशे अंशांहून अधिक तापते.

आधी सर्व सेल बाहेर काढावेत. मग डोक्याकडील आटे सोडवून काच, रबरी कडे आणि आरसा या क्रमाने वेगळे करावेत. आरशाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. त्याचा मुलामा अतिशय नाजूक असतो. खाली धातूच्या चकतीवर बसविलेला दीप दिसेल. या चकत्या बहुधा १६ किंवा २० मिलिमीटर व्यासाच्या असतात. व्यास मोजून घ्यावा आणि कोणती तार धन व कोणती ऋण हे कागदावर टिपून ठेवावे. नवा दीप घेताना चार गोष्टी पाहाव्यात: चकतीचा व्यास, दीपाचा दाब, ड्रायव्हरचा प्रवाह त्याला झेपतो की नाही, आणि आरशाच्या भोकातून तो नीट वर येतो की नाही. काही मोठे दीप तीनऐवजी सहा किंवा बारा व्होल्टचे असतात. ते तीन व्होल्टांच्या विजेरीत लागणारच नाहीत. शक्य तर नवा दीप चकतीवर डाखलेलाच विकत घ्यावा. नुसता दीप चकतीवर बसविणे नवशिक्याचे काम नव्हे.

नव्या चकतीवरील धन व ऋण खुणांवर ती विजेरीत बसविण्यापूर्वीच थोडा डाख लावून ठेवावा. एकदा चकती अंगाला चिकटली की अंग उष्णता ओढून घेते आणि डाख वितळता वितळत नाही. यानंतर जुन्या तारा सोडवाव्यात, जुनी चकती उचलावी, खालची जागा स्पिरिटने स्वच्छ पुसावी, लेपाचा पातळ थर द्यावा आणि नवी चकती दाबून, किंचित फिरवून बसवावी. तारा जोडाव्यात. दीपावरील मऊ पारदर्शक घुमटाला चिमटा किंवा डाखणी लावू नये. तो सिलिकॉनचा असतो आणि उपटून येतो.

आता एक बारीकशी पण महत्त्वाची खबरदारी. आरसा धातूचा असेल तर त्याचे बूड डाखाच्या दोन्ही टिंबांना टेकून विजेला आडवाट मिळते आणि दीप लागत नाही, सेल मात्र तापतात. म्हणून आरसा व चकती यांच्यामध्ये उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे किंवा फायबरचे पातळ कडे घालावे. याच कड्याच्या जाडीने दीप नाभीवर आणता येतो. भिंतीवर झोत पाडून पाहावा. मध्यभागी काळा ठिपका दिसला तर कडे बदलावे. झोताकडे थेट डोळे लावून मुळीच पाहू नये. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण पुष्कळ डाखांत शिसे असते.

सेलांविषयीही सावधगिरी हवी. हल्ली १८६५० या नावाचे लिथियम-आयन सेल सर्वत्र मिळतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यांवरून ते नाव पडले. त्याच जातीचा १४५०० हा सेल आपल्या पेन्सिल सेलाएवढाच असतो, पण त्याचा दाब १.५ नसून सुमारे ३.७ व्होल्ट असतो. दोन पेन्सिल सेलांच्या जागी दोन १४५०० घातले तर तीन व्होल्टांच्या ठिकाणी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट जातात, आणि दीप व ड्रायव्हर दोन्ही क्षणात जळतात. आकार जुळतो म्हणून सेल घालू नये. त्यावरील व्होल्ट वाचावेत. लिथियम सेलाचे आवरण फाटलेले असेल, तो फुगलेला असेल, किंवा पाण्यात पडला असेल तर तो वापरू नये आणि पुन्हा भरूही नये.

परीक्षा

नवा दीप जुन्याहून किती सरस, हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. आपल्या डोळ्याला दुप्पट प्रकाश दुप्पट वाटत नाही. फरक जेमतेम जाणवतो. यासाठी बुन्सेन यांची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून तो कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा करावा. अंधाऱ्या दालनात एका बाजूने जुनी व दुसऱ्या बाजूने नवी विजेरी त्याच्यावर रोखावी. ज्या जागी तेलाचा डाग दिसेनासा होतो, तेथे दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखा. जुनी विजेरी ३ मीटरवर आणि नवी ६ मीटरवर असताना डाग नाहीसा झाला, तर नवीची तीव्रता जुनीच्या चौपट ठरली. एका कागदाला व तेलाच्या एका थेंबाला याहून अधिक काय मागावे?

यानंतर विजेरी दहा मिनिटे लावून ठेवावी आणि हीच परीक्षा पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी नवी विजेरी फार जवळ आणावी लागली, तर उष्णतेच्या वाटेत कोठेतरी फट आहे. डोके पुन्हा उघडून चकती नीट बसवावी. कंटाळा करू नये. तेथेच त्या दीपाचे आयुष्य ठरते.

असो. माळ्यावर पडलेली एखादी जुनी धातूची विजेरी प्रत्येक घरात असतेच. सुट्टीत ती खाली काढून, तिच्या पाचही कड्या तपासून, योग्य दीप बसवून ती पुन्हा वापरात आणण्याचा प्रयोग विद्यार्थिमित्रांनी अवश्य करून पाहावा. ओहमचा नियम, उष्णतेचे वहन, अन्वस्ताची नाभी आणि व्यस्त वर्गाचा नियम हे चार वेगवेगळ्या पाठांतील विषय त्या वीतभर नळीत एकत्र नांदताना त्यांना दिसतील. आणि त्या उजेडात घरातील कुणी पाणी पाजून रात्री सुखरूप परत आले, तर त्या पाठांचे चीज झाले असे आम्ही समजू.